इंग्लंडच्या खेड्यातला पहिला दिवस: कॉट्सवोल्ड्स की लेक डिस्ट्रिक्ट?

लंडन नंतर बघू, आधी चार दिवस खेड्यात राहू, असं ठरवलं की दोन नावं हमखास निघतात: कॉट्सवोल्ड्स आणि लेक डिस्ट्रिक्ट. नुसते फोटो पाहून निवडलंत तर लेक डिस्ट्रिक्टच जिंकणार. डोंगर, तळी आणि 2017 पासून युनेस्कोचा जागतिक वारसा, यापुढे कॉट्सवोल्ड्सची पिवळसर दगडी घरं साधीच वाटतात. पण मुंबईहून नऊ-दहा तासांचं विमान, इमिग्रेशनची रांग, सोबत आजी-आजोबा आणि धड न झोपलेली मुलं असतील, तर त्या दिवशी देखावा नव्हे, विमानतळापासून पलंगापर्यंतचं अंतर बघावं.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून कॉट्सवोल्ड्स गाडीने साधारण दीड-दोन तास. लंडन शहरातल्या पॅडिंग्टन स्टेशनहून कॉट्सवोल्ड्समधल्या मॉर्टन-इन-मार्श गावी थेट ट्रेन आहे, तीही दीड तासाच्या आसपास घेते. बॅगा जास्त असतील तर लंडनमध्ये शिरूच नका. हीथ्रोहून बसने रेडिंगला जा आणि तीच ट्रेन तिथे पकडा. लेक डिस्ट्रिक्ट मात्र हीथ्रोपासून साडेचारशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे गाडीने पाच तास, ट्रॅफिक वेगळा. ट्रेनने जायचं तर आधी बॅगांसकट लंडनचं यूस्टन स्टेशन गाठा, तिथून पावणेतीन-तीन तासांवर ऑक्सनहोम, मग ट्रेन बदलून विंडरमियर. थकलेल्या घराला हे झेपत नाही.

‘आपलं लायसन्स चालतं, रस्ताही डावीकडूनच, मग विमानतळावरच गाडी घेऊ की!’ हे वाक्य प्रत्येक कुटुंबात कोणीतरी म्हणतंच. लायसन्स 12 महिने चालतं, खरंय. पण रात्रभर जागलेल्या माणसाने राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला वाट देत, पुढे झुडपांच्या भिंतींमधल्या एका गाडीपुरत्या गल्लीत समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घेत जायचं, हे पहिल्या दिवशी नको. गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. मुलं 12 वर्षांची किंवा 135 सेंटिमीटर उंच होईपर्यंत चाइल्ड सीट सक्तीची आहे, ती बुकिंग करतानाच मागून ठेवा.

पावसाचं म्हणाल, तर लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेटला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरपेक्षा हे कमीच, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथला बाराही महिने भेटतो. ओल्या दगडी पायवाटा आजींच्या गुडघ्यांना मानवत नाहीत. तरी एक गोष्ट लेक डिस्ट्रिक्टच्या बाजूने सांगायलाच हवी: तळ्याकाठच्या बोनेस गावाहून अॅम्बलसाइडला जाणारी बोट. काही न चालता, बसल्या बसल्या तळं आणि डोंगर दोन्ही. त्याला तोड कॉट्सवोल्ड्सकडे नाही. तिथे आहे ते बोर्टन-ऑन-द-वॉटर: विंडरश नदी, ठेंगणे दगडी पूल, सपाट रस्ता आणि 1937 साली खुलं झालेलं, त्याच गावाचं नऊपट लहान केलेलं मॉडेल. मुलं रमतात. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो, म्हणजे जुन्या दगडी घरांची रांग, सगळ्यांच्या यादीत असते, पण तिथे स्टेशन नाही आणि गर्दी भरपूर. पहिली रात्र मॉर्टनमध्येच काढा.

मराठी माणसाला मॉर्टनजवळ आणखी एक कारण आहे. काही किलोमीटरवरचं डेल्सफर्ड हे वॉरन हेस्टिंग्जचं गाव. नाना फडणीसांच्या काळातलं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध 1782 मध्ये सालबाईच्या तहाने संपलं, तेव्हा कंपनीचा गव्हर्नर जनरल हाच. 1818 मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, तो इथे वारला आणि इथल्याच चर्चच्या आवारात पुरला गेला. जवळच सेझिनकोट नावाचा मुघली घुमटाचा बंगला आहे, कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलचा. तो ठरावीक दिवशीच उघडतो, तारखा आधी बघून घ्या.

खाण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखा. बऱ्याच पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीच-तीनला बंद होतात ती संध्याकाळी सहालाच उघडतात. शाकाहाऱ्यांना बीन्स किंवा चीज घातलेला भाजका बटाटा बहुतेक ठिकाणी मिळतो. बोनेस-अॅम्बलसाइडला पर्यटक जास्त, म्हणून पर्यायही जास्त. चिवडा जरूर न्या, पण पेढे आणि तूप नको. भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे. हॉटेलची खोली बहुधा तीननंतर मिळते. लवकर पोचणार असाल तर बॅगा ठेवायची सोय विचारून घ्या.

आखाती विमानतळावर विमान बदलून थेट मँचेस्टरला उतरणार असाल, तर मात्र सगळा हिशोब उलटतो. तिथून विंडरमियर गाडीने दीड-दोन तासच आहे. मग कॉट्सवोल्ड्सचा विचार सोडा आणि दुपारची बोट गाठा.