इंग्रजी शिकवण्याचं एम.ए.: हैदराबाद, ब्रिटन की अमेरिका?

शाळेत, ज्युनिअर कॉलेजात किंवा क्लासमध्ये इंग्रजी शिकवता आहात आणि आता त्याच विषयात मास्टर्स करायचं मनात आहे, अशांसाठी हा आढावा. साहित्याच्या एम.ए.बद्दल मी बोलत नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही त्यांना ती कशी शिकवायची, या विषयातली ही पदवी आहे. आपल्याकडे तिला टीईएसएल किंवा ईएलटी म्हणतात, ब्रिटन-अमेरिकेत बहुधा टीसॉल.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. तेव्हापासून हे काम करणाऱ्या हजारो शिक्षकांपैकी बहुतेकांचं शिक्षण एक तर साहित्याचं, नाहीतर सर्वसाधारण बी.एड.चं. म्हणून या पदवीची गरज मला अगदी खरी वाटते. फक्त ती कुठून घ्यायची हे ठरवताना लोक प्रवेशाच्या अटींपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी: पदवी मिळाल्यावर तुमच्यासमोर कोण बसलेलं असणार आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं, कॉलेजचे विद्यार्थी, की न्यू जर्सीतल्या शाळेत नुकतीच दाखल झालेली मुलं? याचं उत्तर ठरलं की अर्ध्याहून अधिक अटी आपोआप गळून पडतात.

प्रवेशाच्या वेळी काय मागतात

हैदराबादची इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, म्हणजे इफ्लू, हे आपल्या देशातलं या विषयाचं सर्वात जुनं मोठं केंद्र. १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झालं, २००७ साली केंद्रीय विद्यापीठ झालं. इथे पदवी आणि प्रवेश परीक्षा या दोन गोष्टी महत्त्वाच्या. शिकवण्याचा अनुभव नसला तरी एम.ए.ला अडत नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातही ईएलटीचं एम.ए. आहे. शुल्क सरकारी विद्यापीठाचं, त्यामुळे कर्ज न काढता होण्यासारखी वाट ही एकच.

ब्रिटनमध्ये प्रवेश परीक्षा नसते. पदवीचे गुण, दोन शिफारसपत्रं, उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण साडेसहा ते सात, असा मामला असतो. तिथे नीट पाहायची गोष्ट म्हणजे अनुभवाची अट. काही विद्यापीठं नवख्यांसाठी आणि अनुभवी शिक्षकांसाठी वेगवेगळे अभ्यासक्रम चालवतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये (यूसीएल) असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. पाच वर्षं शिकवलेल्या शिक्षकाने नवख्यांच्या वर्गात जाऊन बसू नये. तिथे पाठ नियोजनाची तोंडओळख करून देण्यात वेळ जातो आणि तुमच्याजवळ असलेला वर्गातला अनुभव वापरलाच जात नाही.

अमेरिकेत अभ्यासक्रम साधारण ३० ते ३६ क्रेडिटचा, म्हणजे दीड ते दोन वर्षांचा. आपली तीन वर्षांची पदवी तिथे आपोआप चार वर्षांच्या पदवीइतकी धरत नाहीत. काही विद्यापीठं धरतात, काही जण बाहेरच्या संस्थेकडून गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून आणायला सांगतात, तर काहींना आपलं एम.ए. किंवा बी.एड. जोडलेलं हवं असतं. अर्जाचे पैसे भरण्याआधी हा एक प्रश्न ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. आणखी एक अट तिथे बऱ्याच ठिकाणी दिसते: उमेदवाराने स्वतः परकी किंवा दुसरी भाषा शिकलेली असावी. अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यासाठी वेगळे कोर्स घ्यावे लागतात. आपण इंग्रजीच दुसरी भाषा म्हणून शिकलेलो असतो, त्यामुळे ही अट बहुधा तिथेच पूर्ण होते.

उद्देशपत्र दोन्ही देशांत लागतं आणि आपली माणसं तिथेच मार खातात. 'मला लहानपणापासून इंग्रजीची आवड होती' हे वाक्य निवड समितीने असंख्य वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी वर्गातला एक प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, मराठीत 'अ' आणि 'द' सारखी उपपदं नाहीत, म्हणून सातवीची मुलं 'आय सॉ डॉग' असं लिहितात. नियम पाठ करून घेतला की तीच मुलं प्रत्येक नामाआधी 'द' लावू लागतात. हे तुम्ही पाहिलं, त्यावर काय करून पाहिलं, काय जमलं नाही आणि त्यासाठी आता नेमकं काय शिकायचं आहे, हे एका पानात लिहा. असं पत्र लिहिणारा माणूस शिक्षक आहे, हे पहिल्या परिच्छेदातच कळतं.

प्रत्यक्ष वर्ग किती मिळतो

माझ्या लेखी सगळ्यात मोठा फरक इथे आहे, आणि माहितीपत्रकात तो बहुधा शेवटच्या पानावर असतो. तज्ज्ञ मागे बसून पाहतो आहे, तुम्ही खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवता आहात, आणि नंतर अर्धा तास दोघं मिळून तो तास उलगडता आहात, हे किती वेळा घडणार? मागे बसलेला माणूस टिपून ठेवतो की चाळीस मिनिटांत पंचवीस मिनिटं तुम्हीच बोलत होता, प्रश्न पुढच्या दोन बाकांनाच विचारले, आणि उत्तरासाठी दोन सेकंदही थांबला नाहीत. पुस्तक वाचून हे स्वतःचं स्वतःला कळत नाही.

शाळेत शिकवण्याच्या परवान्याकडे नेणाऱ्या अमेरिकन अभ्यासक्रमांत असा सराव सक्तीचा असतो. न्यूयॉर्कमध्ये तर तो प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन्ही स्तरांवर करावा लागतो. ब्रिटनचं एक वर्षाचं एम.ए. मात्र पुष्कळदा वाचन, निबंध आणि प्रबंध यांवरच उभं असतं. सराव असला तर ऐच्छिक, किंवा एकमेकांनाच शिकवण्याचा. ही कमतरता केंब्रिजच्या सेल्टा प्रमाणपत्राने भरून काढता येते: किमान १२० तासांचा कोर्स, त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवणं आणि त्याचं मूल्यमापन. आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह बऱ्याच ठिकाणी एम.ए. इंग्रजीत अध्यापनाचा पेपर असतो. पण एक पेपर आणि ही पदवी यांची बरोबरी होत नाही.

सिद्धान्ताच्या बाबतीत मात्र परदेशाचं दडपण घेण्याचं कारण नाही. टास्क, म्हणजे करायला एखादं काम, देऊन भाषा शिकवण्याची पद्धत जगभरच्या टीसॉल वर्गांत शिकवतात, आणि तिची चर्चा भारतीय भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या प्रकल्पाशिवाय पुरी होत नाही. तो १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या, भरगच्च वर्गांमध्ये झाला.

पदवी कुठे चालते

ही पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना नव्हे, हे तिन्ही देशांना लागू आहे आणि सर्वात जास्त निराशा याच गैरसमजातून होते. महाराष्ट्रात शाळेसाठी डी.एड. किंवा बी.एड. आणि आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी, ज्युनिअर कॉलेजला एम.ए.सोबत बी.एड. हे लागतंच. लंडनहून टीसॉल केलं म्हणून त्यातून सूट मिळत नाही. सीनिअर कॉलेजला ५५ टक्क्यांचं एम.ए. आणि नेट किंवा सेट. यूजीसीचा नियम 'संबंधित किंवा संलग्न विषय' असं म्हणतो, पण तुमच्या पदवीला मुलाखतीच्या टेबलावर काय म्हणतील याची खात्री आधी करून घ्या. पदवीच्या कागदावर 'इंग्रजी' हा शब्द असलेला केव्हाही बरा.

ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला आपल्याकडे मान्यता मिळवताना पूर्वी फार त्रास व्हायचा. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत परस्पर मान्यतेचा करार झाला, आणि २०२५ पासून समकक्षतेसाठी यूजीसीची स्वतंत्र नियमावली आहे. तरीही समकक्षता प्रमाणपत्राला लागणारा वेळ हिशेबात धरा.

ब्रिटनमधल्या सरकारी शाळेत शिकवायचं तर सहसा पात्र शिक्षकाचा वेगळा दर्जा लागतो. अमेरिकेत परवाना राज्य देतं, आणि प्रत्येक राज्याचं शास्त्र निराळं. न्यू जर्सीत ईएसएल, म्हणजे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या, शिक्षकाला इंग्रजीची तोंडी आणि लेखी परीक्षाही द्यावी लागते. तिथे किंवा आसपास राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या मराठी घरांतल्या शिक्षिकांना मी निःशंकपणे अमेरिकेची वाट सुचवेन. त्यांनी परवान्यासह असलेलाच अभ्यासक्रम घ्यावा. भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे. हा विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही, त्यामुळे शिक्षणानंतर कामाची मुभा बारा महिन्यांचीच, आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा खर्च उचलायला तयार असणाऱ्या शाळा थोड्या.

पैसे आणि घर

ब्रिटनमध्ये नुसतं शुल्क बहुतेक ठिकाणी वीस हजार पौंडांच्या आसपास किंवा त्याहून बरंच वर जातं. शिवाय जानेवारी २०२४ पासून अशा मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. पस्तिशीतल्या, लेकराबाळांच्या शिक्षकाला ही अट आयईएल्टीएसपेक्षा जड आहे. अनुभवी इंग्रजी शिक्षकांसाठी हॉर्नबी ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठ निवडतानाच ती यादी शेजारी ठेवा.

ज्यांना महाराष्ट्रातच शिकवायचं आहे त्यांना मी इफ्लू सांगेन. नोकरी सोडता येत नसेल तर तिथलाच दूरशिक्षणाचा, इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आधी करावा. त्यात शिकलेलं दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच वर्गात करून पाहता येतं, आणि पुढे परदेशी एम.ए.साठी अर्ज केलाच तर उद्देशपत्रात लिहायला ठोस मजकूरही हाताशी येतो.