हात मॅडमचा, शब्द कुणाचे?

माझा मुलगा सात वर्षांचा. ऑटिझम आहे, बोलत नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला: त्याच्याएवढाच मुलगा अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून वाक्यं लिहितोय. 'नव्वद दिवसांत वाचन-लेखन', फी 65 हजार, सगळी आगाऊ. आम्ही एफडी मोडली.

तिसऱ्याच दिवशी त्याने इंग्रजी पाटीवर 'लिहिलं', आय लव्ह यू मम्मा. मी तिथेच रडले. आमच्याकडे मम्मा कुणीच म्हणत नाही, मी आई आहे, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. त्याचं मनगट मॅडमच्या हातात असायचं. "नुसता आधार देतेय हो." तो बघायचा पंख्याकडे आणि बोट बरोबर अक्षरावर! मला मोबाइलकडे न बघता दोन अक्षरं टाइप करता येत नाहीत.

डोळे उघडले ते डब्यामुळे. दारात मॅडमनी विचारलं, आज डब्यात काय? मी सवयीने म्हटलं, पोहे. आत प्रश्न झाला, डब्यात काय खाल्लंस? पाटीवर आलं, पोहे. घरी येऊन डबा घासायला घेतला तर तळाशी थालीपिठाचे तुकडे. सकाळी डबा ह्यांनी भरला होता. म्हणजे पोहे माहीत होते ते फक्त मला आणि मॅडमना.

मग शोधलं. याला फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणतात. 1990च्या दशकातच अमेरिकेत याच्या चाचण्या झाल्या आहेत. मुलाला एक चित्र दाखवायचं, हात धरणाऱ्याला दुसरं. लिहून यायचं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. तिथल्या स्पीच थेरपिस्टांच्या 'आशा' या संघटनेने 2018 मध्ये ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. बोट आपणच नेतोय हे हात धरणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही, त्यामुळे मॅडमना मी सरळ खोटारडं म्हणणार नाही. पण "चित्रांची चाचणी करू या का?" म्हटल्यावर उत्तर आलं, "आईनेच अविश्वास दाखवला तर मूल मिटतं." हे मात्र न कळता सुटलेलं वाक्य नव्हतं.

पैसे मागायला गेलो तेव्हा पावती नीट वाचली. वर छापलं होतं 'देणगी'. कागदावर सेवा विकत घेतल्याचं दिसतच नाही, मग ग्राहक आयोगात ते सिद्ध करणं अवघड. तेव्हा पैसे देण्याआधी पावतीवर फी लिहून घ्या. थेरपिस्टचा आरसीआय नोंदणी क्रमांक मागा. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद; तिची नोंदणी असलेली माणसं तो बिनदिक्कत देतात. इथे "आमची पद्धत त्यापलीकडची आहे" ऐकून मी मान डोलावली होती.

आता नोंदणी असलेल्या ताईंकडे जातो. पाच महिन्यांत चार शब्द. 'केळं' लिहिलेली चिठ्ठी तो केळ्याशेजारी ठेवतो. तेव्हा ताईंचे हात मांडीवर असतात, माझे पाठीमागे.

मम्मावालं वाक्य मी कागदावर उतरवून फ्रिजवर लावलं होतं. ह्यांनी काढलं. मी फेकलेलं नाही, कपाटात आहे.