पुण्यात मिळणारी धुतलेली क्रश सँड आणि काळी खडी: स्लॅबसाठी कशी?

काँक्रीटसाठी धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, उत्तम आहे. नदीच्या वाळूसाठी अडून बसण्याचं कारण नाही. फक्त गाडीतून उतरतोय तो माल खरोखर क्रश सँड हवा. वाघोली, मोशीकडच्या क्रशरवर काळा बेसाल्टच फुटतो, दगड दणकट आहे. पण व्हीएसआय मशीनमध्ये (दगड जोरात आपटून कणांना गोलसर आकार देणारं यंत्र) घडवलेली सँड आणि खडी फोडताना खाली साठलेली कच, दोन्ही एकाच नावाने विकल्या जाऊ शकतात, आणि रंग सारखाच असल्यामुळे नजर फसते.

कचेचे कण चपटे, पावडर भरपूर. त्यामुळे काँक्रीट घट्ट होतं, फावडं चालत नाही, मग गवंडी पाणी ओततो. ताकद तिथेच जाते, पुढे भेगाही पडतात. आयएस ३८३ (२०१६) या वाळू-खडीच्या भारतीय मानकाप्रमाणे ७५ मायक्रॉनखालची (०.०७५ एमएमपेक्षा बारीक) पावडर क्रश सँडमध्ये वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत चालते, नदीच्या वाळूत ३ टक्केच. कारण क्रश सँडमधली पावडर ही दगडाची भुकटी असते, नदीच्या वाळूतली माती. म्हणूनच धुऊन धुऊन भुकटी पार काढलेली सँडही नको. तिचं काँक्रीट खरबरीत होतं आणि पाणी वर सुटतं.

गाडी रिकामी करण्याआधी मधला, खालचा माल उकरून बघा. ओली मूठ दाबून सोडल्यावर तळहात राखेसारखा माखला तर प्रयोगशाळेतून चाळणी चाचणी होईपर्यंत तो माल वापरू नका. ब्रास (१०० घनफूट) मोजताना लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, गुणाकाराला १०० ने भागा. १४ × ७ × २ म्हणजे १.९६ ब्रास. उंची मधल्या ढिगाची धरू नका, माल सपाट करून मगच मोजा. ओली वाळू फुगते, तेवढा माल कमी मिळतो.

खडीत चपटे, लांबट तुकडे मिळून ४० टक्क्यांच्या वर नकोत. ते सळयांत अडकतात आणि बीमच्या तळाशी पोकळ्या राहतात. बारीक भोकं असलेले, पांढऱ्या ठिपक्यांचे किंवा लालसर दगड जास्त दिसले तर गाडी परत पाठवा. असा दगड पाणी पितो. धूळ बसलेली खडी आदल्या दिवशी धुऊन निथळू द्या.

एम २० या ग्रेडच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला ३५ लिटरचे दीड फर्मे (मापाची पेटी) सँड, दोन फर्मे २० एमएम आणि एक फर्मा १० एमएम खडी. पाणी जास्तीत जास्त ३० लिटर, आणि त्यात सँडमधलं पाणीही धरायचं. दीड फर्मा म्हणजे साधारण ८० किलो सँड. तिच्यात ५ टक्के ओल असेल तर ४ लिटर पाणी आधीच आलंय, वरून २६ लिटरच टाका. पावसाळ्यात बहुतेक साइटवर हाच हिशेब चुकतो.

गिलाव्याला मात्र हीच सँड वापरू नका, जाड कणांमुळे पृष्ठभाग खडबडीत येतो. त्यासाठी बारीक प्लास्टर सँड वेगळी मागवा.