नेनचा फ्रीजर की जोआ हेवनचं हरितगृह?

कॅनडाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या इनुइट या मूळ रहिवाशांच्या गावांच्या अन्नासाठी तुमच्या मंडळाने निधी जमवला असेल, तर द्यायच्या आधी दोन उपक्रम शेजारी ठेवून बघा. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार इनुइट प्रदेशातल्या १५ वर्षांवरील ७६ टक्के लोकांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. यातल्या नुनावुत या प्रदेशाच्या २५ गावांना जोडणारा एकही रस्ता नाही. माल येतो विमानानं, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजानं. दुकानातले भाव त्यामुळेच चढतात.

नुनावुतमधल्या जोआ हेवन गावात २०१९ पासून ‘नाउर्विक’ हे हरितगृह चालतं. वारा आणि उन्हाच्या विजेवर, गरज पडल्यास डिझेलवर, कंटेनरमध्ये भाजी पिकते आणि ती पिकवतात गावातलीच प्रशिक्षित माणसं. संशोधन संस्था, सरकारी खाती आणि गाव अशी तिघांची ही भागीदारी. कोवळा पाला दारात मिळणं तिथे मोठी गोष्ट आहे. पण त्यानं पोट भरत नाही, आणि यंत्रं बिघडली की सुटे भागही विमानानंच येणार.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅब्रॅडोरमधल्या नेन गावाची वाट वेगळी. तिथे २०१२ पासून गावातल्या तरुण मुलांना जाणत्या शिकाऱ्यांसोबत शिकारीला नेतात. मिळालेलं मांस, मासे गावाच्या फ्रीजरमध्ये जातात आणि हीच मुलं ते म्हाताऱ्या माणसांच्या घरी पोचवतात. सीलच्या मांसात लोह भरपूर. शिवाय बर्फ कुठे पातळ आहे, सील कसा कापायचा हे शिक्षण दुसरीकडे कुठेच मिळत नाही. म्हणूनच मी नेनसारख्या कामाच्या बाजूनं आहे.

अडचण इथेही आहे, आणि ती गंभीर आहे. जॉर्ज नदीच्या कॅरिबू हरणांचा कळप नव्वदच्या दशकात सात-आठ लाखांच्या घरात होता. २०२० मध्ये जेमतेम आठ हजार उरले. लॅब्रॅडोरमध्ये २०१३ पासून त्यांच्या शिकारीवर बंदी आहे. म्हणजे फ्रीजर मुख्यतः मासे आणि सीलवर भरायचा. त्यात स्नोमोबाइल, पेट्रोल, काडतुसं यांचा खर्च मोठा. सरकारचं किराणा अनुदान २०११ पासून दुकानदारांमार्फतच जात होतं. शिकाऱ्यांसाठी वेगळी मदत २०२० मध्ये आली.

आजच्या आज जेवण पोचवायचं असेल, तर नुनावुतची राजधानी इकालुइतमधलं ‘कजुक्तुर्विक’ हे सामुदायिक अन्नकेंद्र गरम जेवण मोफत देतं. तिथे थेट द्या. शिकारीच्या उपक्रमाला देणार असाल, तर एकदाच मोठी रक्कम देऊ नका. दर हंगामाच्या तोंडावर पेट्रोलपुरते पैसे द्या, आणि कुठे खर्चायचे ते गावाला ठरवू द्या.