पद्मिनीची पुढची काच, रबर आणि बीडिंग : आठ महिने आणि साताऱ्याच्या एका पावसाळ्यानंतर

फेब्रुवारीत काच बसवली, आता ऑक्टोबर संपत आलाय, मधे एक अख्खा पावसाळा गेला म्हणून आत्ता लिहायला बसलोय. बसवली त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार दिले असते आणि मग एप्रिलच्या वळवाच्या पावसात माझेच शब्द माझ्या मांडीवर टपटप गळले असते.

गाडी ८४ सालची प्रीमियर पद्मिनी, पिस्ता कलर, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. आमच्या घरात हिला स्पोर्ट्स कार म्हणतात, कारण आण्णा हिला यवतेश्वरच्या घाटात अशी काही घालायचे की मागच्या सीटवर आई डोळे मिटून रामरक्षा म्हणायची. आण्णा आता गाडी चालवत नाहीत पण गाडीत बसतात, आणि बसले की सगळ्यात आधी काच पुसतात. तर ती काच. चाळीस वर्षं वायपर फिरून फिरून तिच्यावर अर्धगोल चरे पडले होते, दिवसा कळायचे नाहीत पण हायवेला समोरून ट्रकचे लाईट आले की अख्खी काच धुरकट व्हायची, दिसायचं काहीच नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यात रबराच्या कडेने कलर फुगलेला. आणि पुढच्या वर्षी पाच वर्षांचं पासिंग परत करायचंय, तेव्हा म्हटलं एकदाच काय ते करून टाकू.

एकदाच! असो.

काच बसवणारे मामा गोडोलीकडे असतात, वय सत्तरच्या पुढे, आयुष्यभर एसटी आणि ट्रकच्या काचा बसवल्या. त्यांनी जुन्या काचेवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "मालक, ही टफनची हाय. दगड बसला तर जाग्यावर साबुदाणा." म्हणजे टफन काच फुटली की तिचे एकदम हजारो बारीक दाणे होतात. दाणे कापत नाहीत हे खरं पण फुटते त्या क्षणाला समोरचं सगळं पांढरं होतं आणि तुम्ही ६० च्या स्पीडला आंधळे. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तडा गेला तरी काच जागची हलत नाही, आणि नवीन गाड्यांना पुढे तीच बसवावी लागते. घेताना फसू नका, काचेची कड टॉर्च लावून बघा, लॅमिनेटेड असेल तर मधोमध बारीक रेघ दिसते, आणि कोपऱ्यात आयएसआयचा छाप व त्याच्या वर २५५३ हा आकडा कोरलेला असतो तो हाताला लागतो का ते बघा. स्टिकर असेल तर नको.

काच पुण्याहून आणली, नाना पेठेतून. रबरही तिथूनच, आणि चूक तिथेच झाली. काचेला साडेचार हजार मोजताना हात आखडला नाही पण रबराला दुकानदार म्हणाला ७०० वालं पण आहे आणि भारीतलं पण आहे, तेव्हा मी ७०० वालं उचललं. रबर ते रबर, काळं ते काळं, असं माझं तेव्हाचं मत.

काढायचं काम मी शेजारी उभं राहून बघितलं आणि जमेल तिथे हात लावला. पहिली निघते ती बीडिंग, म्हणजे रबराच्या खाचेत बसलेली चकचकीत स्टीलची पट्टी. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटली की संपलं, जिथे टोक लागलं तिथे कायमची बाक येते आणि ती मग कुणाच्या बापाला सरळ होत नाही. मामांनी बांबूची कामटी तासून घेतली होती, तिने बोटभर बोटभर सरकत पट्टी सोडवली, पाऊण तास लागला. त्यानंतर जुनं रबर ब्लेडने कापून टाकलं, ते तर खारकेसारखं झालं होतं. आणि काच बाहेर आल्यावर खरं दुखणं दिसलं. काच ज्या पत्र्याच्या काठावर बसते ना, तो खाली डावीकडे वीतभर कुजलेला, मामांनी नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. चाळीस वर्षं रबराखाली पाणी मुरत होतं आणि वरून कलर मात्र ठणठणीत.

तर गाडी बिनकाचेची दोन आठवडे पत्रेवाल्याकडे. कुजलेला भाग कापून नवीन पत्र्याची पट्टी वेल्डिंग, घासून रेड ऑक्साईड, वर कलर. इथे घाई करू नका हे हात जोडून सांगतो. कलर वरून सुकलेला वाटतो पण आतून ओला असतो, त्यावर रबर दाबून बसवलं की दोघं एकमेकाला चिकटतात, नंतर कधी रबर काढायची वेळ आली की कलरसकट निघतं. आम्ही दहा दिवस उन्हात ठेवली.

आता बसवणं, हे बघण्यासारखं असतं. रबराला दोन खाचा असतात, एकीत काच जाते आणि दुसरीत पत्र्याचा काठ. आधी रबर काचेला चहूबाजूंनी घालून घ्यायचं. मग दुसऱ्या खाचेत सुतळीएवढी नायलॉनची दोरी अख्ख्या गोलाला फिरवायची, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून नेऊन आत लोंबती सोडायची. काठाला साबणाचं पाणी. मामा बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच दाबणार आणि मी आत ड्रायव्हर सीटवर गुडघे टेकून दोरी ओढणार, दोरी निघत जाते तसा रबराचा आतला ओठ पत्र्यावरून उलटून आत येतो, टप् टप् टप् असा आवाज करत. कोपऱ्यात आल्यावर ती अडते. मी जोर लावला तर बाहेरून मामा ओरडले, "आरं वढू नगंस हिसक्यानं, फाटंल! मी दाबतो तवा वढ!" मालकचा एका क्षणात आरं झाला. पण बरोबर होतं त्यांचं, त्यांनी कोपऱ्यावर तळवा आपटला आणि तेव्हा मी ओढली तर लोण्यासारखी आली.

दिसायला काच इतकी भारी झाली की आण्णा दोन फेऱ्या मारून आले, म्हणाले अजिंक्यतारा जवळ आल्यासारखा वाटतोय.

मग एप्रिल. सातारचं ऊन आणि ७०० चं रबर. दीड महिन्यात वरच्या कोपऱ्यात रबर आखडून काचेपासून सुटायला लागलं, बोट फिरवलं की हाताला काळं. महिनाअखेरीला वळीव आला, पोवई नाक्यावर होतो, पाच मिनिटांत डॅशबोर्डवर तळं. परत मामांकडे. त्यांनी रबर चिमटीत धरून वाकवलं, त्यावर बारीक केसासारख्या चिरा दिसल्या, मग व्हर्नियर आणून काच मोजली तर जुनी ५ एमएमची आणि नवी लॅमिनेटेड ५.६ ची, म्हणजे खाच आधीच ताणलेली आणि माल कच्चा. त्यांनी स्वतःची एक चूकही कबूल केली, रबराचा जोड खाली मध्यावर आला होता, जिथे पाणी रेंगाळतं तिथेच. असा कारागीर मला आवडतो, दुसरा कुणी असता तर सगळं रबरावर ढकलून मोकळा झाला असता.

दुसरं रबर ईपीडीएम जातीचं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मित्राने पाठवलं, १८५० रुपये. हातात घेतलं की फरक कळतो, मऊ पण भरीव, हाताला काळं लागत नाही, टायरसारखा उग्र वास नाही. हे रबर ऊन सोसतं. कुर्ल्याहूनच यावं यात गंमत आहे म्हणा, ही गाडीच कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली. गाडी बनायची २००० च्या आसपास थांबली, मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात रस्ता सोडला. टॅक्स्या होत्या तोवर सुट्या भागांची निदान आशा असायची, आता दिसेल ते उचलून ठेवायचं असं माझं धोरण.

मे महिन्यात दुसऱ्यांदा बसवली. या वेळी जोड वर घेतला, रबर कुठेही ताणलं नाही उलट कोपऱ्यात जरा जास्तीचं कोंबलं, आणि ओठाखाली न सुकणारं सीलंट पिचकारीने भरलं. सिलिकॉन भरू नका, ते धरून बसतं आणि पुढच्या वेळी काच काढताना रडवतं. आणखी एक, रबर चमकावं म्हणून व्हॅसलीन किंवा ऑईल चोळणारे लोक आहेत, माझा मावसभाऊ त्यातलाच, त्याच्या गाडीचं रबर फुगून बोंबलासारखं झालंय.

जूनमध्ये पहिला धो धो पाऊस, आणि माझ्या उजव्या पायावर पाणी. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. मामांना फोन केला तर म्हणाले काचेला हात लावू नगा, आधी पाणी कुठनं येतंय ते बघा. मग रविवारी पोराला बाहेर पाईप घेऊन उभं केलं, मी डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून पाठीवर झोपलो, तोंडात टॉर्च, आणि खालच्या पत्र्याला सगळीकडे खडूची पूड फासली. आधी फक्त काचेवर पाणी मारायला लावलं, दहा मिनिटं, पूड कोरडी. मग पाईप खाली वायपरच्या मुळाशी आणला तर अर्ध्या मिनिटात पुडीवर एक काळपट ओघळ उतरला, थेट वायपरच्या दांड्यापासून. दांड्याखालचं चाळीस रुपयांचं वायसर सडलेलं. काच निर्दोष! पोराने तेवढ्यात पाईप उघड्या दारातून आत फिरवला ती वेगळी गोष्ट.

त्यानंतर पूर्ण पावसाळा गाडी बाहेरच उभी होती, शेड नाही. जुलैमध्ये मेढ्यावरून महाबळेश्वरला जाऊन आलो, सप्टेंबरात कासला दोनदा, धुक्यात वायपर सलग चालू, आत एक थेंब नाही. मॅट उचलून खाली हात फिरवला, कोरडं. चरे नसल्याने रात्रीचं दिसणं तर दुसऱ्याच गाडीत बसल्यासारखं आहे, मला वाटायचं माझे डोळे गेलेत, चष्म्याचा नंबरही तपासून आलो होतो.

ऑगस्टमध्ये खंबाटकीत पुढच्या डंपरवरून खडी उडाली, ठक्कन बसली, काचेवर मसुराच्या दाण्याएवढा डाग आणि त्याला दोन बारीक पाय फुटले. टफन असती तर घाटातच साबुदाणा झाला असता. बायकोची बिनरंगाची नेलपॉलिश त्यात सोडली, हा काही खरा इलाज नाही पण पाणी आणि घाण आत जात नाही. आठवड्याला स्केचपेनने टोकाला खूण करून बघतो, अजून तडा पुढे सरकलेला नाही.

बीडिंगवर मात्र मी नाराज आहे. मूळ पट्टी बफ करून घेतली, आरशासारखी झाली, पण ड्रायव्हर बाजूच्या वरच्या कोपऱ्यात ती दोनेक एमएम उचलूनच राहते. ७० च्या वर गेलं की शिट्टी वाजते. आण्णा म्हणतात कुकर झालाय का बघ. नवीन रबराची खाच जुन्यापेक्षा उथळ आहे हे कारण, मामांनी दोनदा बसवून बघितली. प्लॅस्टिकची चंदेरी पट्टी मिळते ती घट्ट बसेल म्हणतात, पण ती मला नको, शिट्टी परवडली.

खर्च विचारणार म्हणून सांगतो. काच ४५००, वाया गेलेलं रबर ७००, चांगलं रबर १८५०, पत्रा आणि कलर ४०००, बसवायची मजुरी दोनदा १२०० म्हणजे २४००, बफिंग ९००, सीलंट ४५०. झाले १४,८००. यातले १९०० निव्वळ माझ्या काटकसरीचे, पहिलं रबर आणि त्याची मजुरी. पोराने भिजवलेली सीट धरली नाही.

आता मागच्या काचेचं रबरही कुर्ल्याहून मागवून ठेवलंय, कपाटात सपाट ठेवलंय, घडी घालायची नाही. दिवाळीच्या सुट्टीत बसवू म्हटलं तर मामा नको म्हणाले, थंडीत रबर ताठ असतं, ओठ उलटत नाही, शिमग्यानंतर ऊन तापलं की या. आणि येताना बरोबर कुणीतरी दोरी ओढणारा आणा, असंही म्हणाले.