हेअर रॅप: केसांवरच बांधून घ्यायचा की क्लिपवाला?

गोव्याचं बुकिंग झालं की आमच्या ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतेच, रंगीत दोऱ्याची वेणी (म्हणजे हेअर रॅप, केसांची एक बट दोऱ्याने गुंडाळलेली) तिथे बसून करून घेऊ की क्लिपवाली मिळते ती आणू? मी दोन्ही वापरल्यात, केसांवर बांधलेली सात आठवडे आणि क्लिपवाली गेलं दीड वर्ष, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकते.

केसांवरच्या रॅपने सुरुवात करते कारण मन त्याच्यावरच आधी जातं. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी थिवीला उतरलो, तो बुधवार होता, आणि बुधवार म्हणजे अंजुनाचा बाजार. तिथे जिने माझी वेणी केली तिचा हात अजून डोळ्यासमोर आहे. पुठ्ठ्याच्या तुकड्याला भोक पाडलेलं, त्यातून पेन्सिलीएवढी बट ओढून घेतली म्हणजे बाकीचे केस मधे येत नाहीत, मग तिची बारीक तिपेडी वेणी, मुळाशी पाच रंगांचे दोरे एकत्र बांधले आणि सुरू. एक रंग गुंडाळायचा, उरलेले चार त्याच्या आत वेणीबरोबर लपून खाली जातात, मग त्यातला एक वर काढायचा आणि आधीचा आत ढकलायचा. मधेच दोन रंगांची फुली, मधेच एक कवडी, टोकाला घुंगरू आणि निरगाठ. पाऊण तास मान खाली घालून बसले होते पण उठल्यावर ती बट चालताना जी हलत होती त्याला तोड नाही, कारण ती आपल्याच डोक्यातून आलेली असते, वरून लावलेली वाटतच नाही. हे क्लिपला कधीच पूर्ण जमत नाही, तेवढं कबूल करायलाच हवं.

पहिले आठ-दहा दिवस मी इतकी खूश होते की ऑफिसातल्या दोघींना गोव्यातल्या हरमलला जाऊन करून या असं सांगून मोकळी झाले.

मग खरी अडचण कळली, आणि ती दिसण्याची नाही, वाळण्याची आहे. भरतकामाचा दोरा म्हणजे सूत, पाणी पितो, आणि इथे तर आत केसांची वेणी, तिच्यावर न वापरलेल्या रंगांचे दोरे, त्याच्यावर घट्ट वेढे. सकाळी सातला केस धुतले तर बाकीचे दुपारपर्यंत सुटे कोरडे व्हायचे आणि ती एक बट संध्याकाळी ठाण्याला लोकलमधून उतरतानाही मानेला गार लागायची. टॉवेलमध्ये धरून पिळली, ड्रायर मारून बघितला, वरून गरम आणि कोरडी लागते पण चिमटीत दाबली की बोटं ओली. रात्री तशीच उशीवर. तिसऱ्या आठवड्यात तिला वास यायला लागला, ओलं फडकं बादलीत राहिलं की येतो तसा कुबट, आणि तो आपल्या कानाजवळ चोवीस तास! मी केस धुणंच लांबवायला लागले, मग टाळूला खाज. त्यात मी रविवारी खोबरेल लावणारी, तेल दोऱ्यात मुरलं की पिवळ्याचा मातकट रंग होतो आणि धूळ चिकटते. तरी बरं, हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत, आपल्याकडच्या जुलैत काय झालं असतं याचा विचारच करवत नाही. माझे केस दाट आणि कमरेपर्यंत आहेत, तुमचे बारीक किंवा खांद्यापर्यंत असतील तर त्रास कमी होईल कदाचित. पण माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

काढताना मात्र घाबरू नका. टोकाची गाठ कापून उलट उलगडत वर जायचं, दोरा मधेच कापायला जाऊ नका, केस कापले जातात. बट मोकळी झाली की हातात केसांचा पुंजका येतो आणि पोटात गोळा येतो, पण रोज पन्नास ते शंभर केस आपले तसेही गळतात, या बटेतले सात आठवड्यांचे आत अडकून राहिलेले असतात, ते एकदम निघतात एवढंच. खरी काळजी ओढीची, एकाच जागी सतत वजन लटकत राहिलं तर मुळं कमजोर होतात, म्हणून बट अगदी दोऱ्याएवढी बारीक घेऊ देऊ नका आणि कपाळाच्या कडेची तर नकोच. बाकी दोरा म्हणजे केसांचं वाटोळं असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की नायजेरियातल्या योरुबा बायका अख्ख्या डोक्याचे केस भाग पाडून काळ्या दोऱ्याने गुंडाळतात, इरुन किको म्हणतात त्याला, आणि उष्णता न देता केस ताणून लांब दिसावेत म्हणूनही ते करतात. दोरा वाईट नाही, कसा बांधला आणि किती दिवस ठेवला त्यावर आहे.

आता क्लिपवाला. तयार मिळतात त्यातले बहुतेक मला तरी आवडले नाहीत, आत जाड सुतळीसारखं काहीतरी असतं, त्यामुळे काडीसारखे ताठ उभे राहतात. मी स्वतः केला. आईच्या लग्नातलं गंगावन (वेणीला जोडायचे केस) कपाटात पडून होतं, तिला विचारून त्यातली एक बट घेतली, टिकटॉक पिनेला (चपटी, दाबली की टक्क करून बसते ती) घट्ट शिवली आणि त्याच्यावर दोरा गुंडाळला. आत केसच असल्यामुळे हलतो छान, खऱ्याच्या जवळपास. भरतकामाच्या दोऱ्याची लडी 8 मीटरची असते, तिचे सहाही पदर एकत्रच ठेवायचे, आणि कमरेपर्यंत करायचा असेल तर एका रंगाची एक लडी पुरेल असं धरून चालू नका. लोकर पटकन होते पण तिला तूस सुटतं आणि कंगव्यात अडकते. लाल आणि गडद निळा आधी कोमट पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, माझा लाल शेजारच्या पांढऱ्यात उतरला होता.

क्लिपची तक्रार एकच, ताज्या धुतलेल्या केसांवरून ती हळूहळू खाली सरकते. पिन लावायच्या जागी मुळाशी केस थोडे उलटे विंचरून घेतले की धरते, आणि वरच्या केसांचा एक थर तिच्यावर सोडला की दिसतही नाही. संध्याकाळी काढून खिळ्याला अडकवते, डोकं हवं तेव्हा धुते, तेल लावते. भाचीला शाळेत वेण्यांना काळ्या रिबिनीच चालतात, ती शनिवारी संध्याकाळी लावते आणि सोमवारी सकाळी काढते, तिच्यासाठी दुसरा पर्यायच नव्हता.

परांदा आणि गोंडे याबद्दलही विचारतात, ते सुंदरच आहेत पण ते अख्ख्या वेणीचे दागिने, मोकळ्या केसांत एक रंगीत रेघ हवी असेल तर उपयोगाचे नाहीत.

चार-पाच दिवसांची ट्रिप, परत आल्यावर लगेच काढायची तयारी, आणि तिथे मांडी घालून बसून करून घेण्यातली मजा हवी, तर केसांवरच घ्या, मी अडवणार नाही. महिनाभर मिरवायचा विचार असेल तर मी क्लिपच म्हणेन.

आणि त्या बाईच्या हातचीच हवी असेल तर तेही होतं. मागच्या डिसेंबरात मी पिनेला शिवलेली गंगावनाची बट पर्समधून घेऊनच गेले. ती आधी हसली, मग पिन एका पिशवीच्या बंदाला लावली, बटेचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरून ताणलं आणि अर्ध्या तासात करून दिली, माझ्या डोक्यावर केली होती त्यापेक्षा वेढे जास्त सारखे आलेत. म्हणाली, हे बरं, गिऱ्हाईक मान हलवत नाही.