पशुवैद्यकीय शिक्षण: खेड्यातलं कॉलेज की शहरातलं?

दोन्हीकडे प्रवेश मिळत असला की लोक हॉस्टेल, नाव आणि प्रवास यांची तुलना करत बसतात. मी एवढंच विचारतो: डिग्री हातात पडेपर्यंत किती गायी स्वतः तपासून होतील? मी खेड्यातल्या कॉलेजात शिकलो, त्यामुळे माझं पारडं थोडं झुकलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गाभण तपासणी पुस्तकातून येत नाही. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, गुदद्वारातून हात आत घालायचा आणि आतड्याच्या भिंतीपलीकडचं गर्भाशय नुसत्या बोटांनी ओळखायचं. सुरुवातीच्या कितीतरी गायींत मला शेण आणि ऊब यांपलीकडे काही लागलं नाही. मग एक दिवस पाच-सहा आठवड्यांच्या गाभाचं पातळ आवरण चिमटीतून अलगद निसटलं, आणि तेव्हा कुठे सर इतके दिवस काय सांगत होते ते कळलं. पोटाचा चौथा कप्पा डावीकडे सरकलेल्या गायीचंही तसंच. स्टेथोस्कोप लावून बरगड्यांवर टिचकी मारली की धातूच्या भांड्यासारखा ‘टिंग’ असा आवाज येतो. एकदा ऐकला की कान तो विसरत नाही, पण ऐकायला तशी गाय समोर यावी लागते. खेड्यात ती येते, नाहीतर फिरत्या दवाखान्याच्या गाडीतून आपण तिच्याकडे जातो.

दुग्धज्वराची, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरलेली गाय तर विद्यार्थ्याला कायमची आपलीशी करून टाकते. नुकतीच व्यायलेली, मान कुशीकडे वळवून पडलेली, कान गार. शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडायचं, दुसऱ्या हाताने हृदयाचे ठोके ऐकत राहायचं. थोड्या वेळाने ती ढेकर देते, शेण टाकते, कधीकधी तिथल्या तिथे उठून उभी राहते.

शहराची बाजू मात्र कमी लेखू नका. एमआरआय, हाडांचे आणि डोळ्यांचे तज्ज्ञ, सीटी स्कॅनवर चर्चा, कुत्र्याच्या गुडघ्याचा तुटलेला अस्थिबंध, मांजराची किडनी, पोपट, कासव. हे सगळं एका छताखाली बहुधा शहरातच दिसतं. खेड्यात तज्ज्ञ टिकत नाहीत आणि पद रिकामं पडलं की तो विषय अर्धवट शिकवला जातो. आमच्याकडे एक विषय जवळजवळ वर्षभर असाच लटकला होता. शहराची अडचण वेगळी. दुर्मीळ केसभोवती आधी तज्ज्ञ, मग पदव्युत्तर विद्यार्थी, आणि तिसऱ्या रांगेत टाचा उंचावून तुम्ही. खेड्यातल्या दवाखान्यात कुत्रे कमी येतात, पण त्यातल्या एखाद्याची जखम शिवायला सुई तुमच्याच हातात दिली जाते.

राहणीमानाबद्दल फार लिहीत नाही. खेड्यात एकटेपणा येतो, जोडीदाराला नोकरी मिळणं अवघड असतं आणि अर्धवेळ कामाच्या संधी तुटपुंज्या असतात. खर्च सहसा कमी.

कॉलेजचा पत्ताही फसवू शकतो. जगातलं पहिलं पशुवैद्यकीय विद्यालय १७६१ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरात स्थापन झालं, आणि पुढे १९७० च्या दशकात ते शहराबाहेर मार्सी-लेत्वालला गेलं. लंडनचं रॉयल व्हेटरिनरी कॉलेज १७९१ पासूनचं. तिथे सुरुवातीची वर्षं भर शहरात कॅम्डेनला होतात, तर मोठं रुग्णालय आणि शेवटची वर्षं हर्टफर्डशायरमधल्या हॉक्सहेडच्या मोकळ्या आवारात. म्हणून लेटरहेडवरचं गाव बघू नका, क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष जनावरांवर उपचार शिकण्याची वर्षं कुठे जातात ते विचारा. आणि प्राध्यापकांना नाही, शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा: अडलेली गाय स्वतः किती वेळा सोडवलीस? कुत्रीचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकट्याने किती वेळा केलंस? खेड्यातल्या कॉलेजातही उत्तर ‘बघितलंय’ असं आलं, तर तिथलं मोकळं आकाश काही कामाचं नाही.

अजून मन ठरलं नसेल तर मी खेडं सुचवीन. कुत्र्या-मांजरांचं काम डिग्रीनंतर एखाद्या चांगल्या दवाखान्यात वर्ष-दोन वर्षं राबून शिकता येतं. पण नवख्या हाताने शिकण्यासाठी आपली दुभती गाय कुठलाही गोठेवाला खुशीने पुढे करत नाही. आपल्याला मांजरांचाच डॉक्टर व्हायचंय हे ज्याचं पक्कं ठरलंय, त्याने बिनदिक्कत शहर धरावं आणि गायींच्या पेपरला पास होण्यापुरतं वाचावं.